पिकअपचा हूड घरी करताय? छप्पर राहू द्या, आधी पुढची आणि मागची बाजू बघा

मोहोळ तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यानं जुनी पिकअप घेतली आहे, हौदा उघडा. आठवड्यातले तीन-चार दिवस सोलापुरातून टॉवेल-चादरींचे गठ्ठे पुण्याला न्यायचे, उरलेल्या दिवसांत घरचा आणि भावकीतला कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात. तयार हूडचा, म्हणजे हौद्यावर बसणाऱ्या छपराचा, भाव ऐकून तो परत फिरला. आता विचारतोय: पाइप आणि ताडपत्री आणून घरीच छप्पर केलं तर जमेल का? पाइप किती लागेल, ताडपत्री कुठली घेऊ? व्हिडिओत नळाच्या प्लास्टिक पाइपाच्या कमानी दाखवल्यात, त्या टिकतील का? आणि दिवस किती जातील?

जमेल. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, अक्कलकोट रोडला माझी शेड आहे. ज्याला ग्राइंडर धरता येतो आणि टेप नीट वाचता येते, त्याला हूड करता येतो. पण भाऊ, तुमचे सगळे प्रश्न छपराचे आहेत, आणि घरगुती हूड छपरातून फारसा गळतच नाही. माझ्याकडं दुरुस्तीला येतात त्यांत पाणी शिरलेलं असतं केबिनमागच्या जोडातून, आणि धूळ-धूर शिरलेला असतो मागच्या फाळक्यावरून (फाळका म्हणजे हौद्याच्या कडेची उभी फळी). दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे दोन माल एकमेकांच्या उलटे आहेत. टॉवेलला गाडी बंद पाहिजे आणि कांद्याला वारा पाहिजे. ताडपत्री कुठली हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

कांद्यापासून सुरू करू, कारण तिथं निर्णय सोपा आहे. कांदा कोंडला की त्याला घाम फुटतो, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर असताना बंद ताडपत्रीखाली काय होतं ते शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायला नको. म्हणून छप्पर वेगळं आणि बाजूचे पडदे वेगळे असं धरून चाला. म्हणजे वरचा कापड एकसंध, दोन्ही बाजूंना खालपर्यंत उतरणारे पडदे त्यालाच जोडलेले, पण गुंडाळून वर बांधता येतील असे. कांदा असला की दोन्ही पडदे हातभर वर गुंडाळायचे, डोक्यावर सावली राहते आणि वारा आरपार जातो. टॉवेल असले की खाली सोडून आवळायचे. पत्र्याची बंद पेटी तुमच्या कामाची नाही ती याच कारणानं. वजनाचंही सांगतो. दीड मीटरपेक्षा थोडी जास्त रुंद आणि पावणेतीन मीटर लांब हौद्याला सगळ्या बाजू मिळून साधारण १५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. १.२ मिलीमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसता पत्रा १४० किलो, वर सांगाडा. तेच ६५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ६५० ग्रॅम) पीव्हीसी ताडपत्री घेतली तर सगळी मिळून दहा किलो. पत्र्याचा प्रत्येक किलो तुमच्या भाड्याच्या मालातून वजा होतो, हे विसरू नका.

आता सांगाडा. प्लास्टिक पाइपाच्या कमानीबद्दल एका वाक्यात: भाजीच्या वाफ्यावर ठीक आहे, गाडीवर नको. उन्हानं तो पाइप ठिसूळ होतो, दुपारच्या तापात मऊ पडतो, आणि ताशी ७० च्या वाऱ्यात हलत राहिला की जोडापाशी चिरतो.

कमानीला १ इंची गोल लोखंडी पाइप घ्या, २ मिलीमीटर जाडीचा. गोल अशासाठी की ताडपत्री तिथंच घासते जिथं धार असते. चौकोनी पाइपाच्या कोपऱ्यावर वर्षभरात कापडाला भोक पडतं. खालच्या चौकटीला मात्र चौकोनी पाइप बरा, तो हौद्याच्या कडेवर सपाट बसतो. ९ फुटी हौद्याला चार कमानी लागतील. तीनमध्ये भागवायचा मोह होतो, पण मग दोन कमानींमधलं अंतर साडेचार फूट होतं आणि तिथं कापडाला झोळ पडणारच.

झोळ म्हणजे काय हे मी पैसे देऊन शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला मी एक हूड केला होता, वरून अगदी सपाट. दिसायला देखणा. आपल्याकडं कौलांपेक्षा माळवदाचीच घरं जास्त, त्यामुळं छप्पर म्हटलं की सपाट हेच डोक्यात असावं. पण माळवदालासुद्धा पन्हाळीकडं उतार असतो, तेवढी अक्कल मला नव्हती. सप्टेंबरात परतीचा पाऊस झाला, गाडी रात्रभर टेंभुर्णीजवळ ढाब्यावर उभी होती. तीन फूट बाय तीन फुटाच्या झोळात सरासरी दोन इंच पाणी साठलं तरी ४० लिटरच्या वर जातं, म्हणजे ४० किलो. पाणी साठलं की कापड आणखी खाली जातं, खाली गेलं की आणखी साठतं. सकाळी मधली कमान वाकलेली आणि खाली चादरींचे गठ्ठे भिजलेले. भरपाई माझ्या खिशातून गेली.

तेव्हापासून कमानीला मधोमध बाजूंपेक्षा ६ इंच तरी उंची देतो, आणि कमानींच्या वरून लांबीत तीन पाइप घालतो: एक मधोमध, दोन खांद्यांवर. हे तीन पाइप बरेच जण वाचवतात. झोळ धरतो तो कमानींच्या मधल्या जागेत, आणि तिथं कापडाला आधार द्यायला हेच पाइप असतात. कमान वाकवायला घरी रोलर नसेल तर ग्रिलवाल्याकडून वाकवून घ्या, नाहीतर सरळ पाइपाचे तिरके काप घेऊन खांदा पाडा: उभा पाय, तिरका तुकडा, वरचा जवळजवळ आडवा तुकडा. जोड ग्राइंडरनं गुळगुळीत करा आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे कापड वाचेल.

चौकट केली की एक परीक्षा करा. ताडपत्री न घालता पुढच्या कमानीला धरून पुढं-मागं ढकला. सगळा सांगाडा पत्त्याच्या बंगल्यासारखा झुकत असेल तर तिरका पाइप विसरलाय. चौकोन कितीही जाड पाइपाचा असला तरी जोडापाशी कलतो. त्रिकोण कलत नाही. दोन्ही बाजूंना पहिल्या दोन कमानींच्या मध्ये एकेक तिरपा आणि केबिनमागच्या चौकटीत एक, एवढं पुरतं. ब्रेक दाबल्यावर हूड पुढं केबिनवर येऊन आदळू नये याची जबाबदारी बाजूंच्या दोन तिरप्यांवर असते.

हे सगळं मिळून ३५ ते ४० मीटर पाइप होतो, म्हणजे वीस फुटी सहा-सात नग. या पाइपाचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आत-बाहेर, म्हणजे सांगाडा ४५-५० किलो. क्लॅम्प, नट-बोल्ट, ताडपत्री धरून ६५ किलोच्या आसपास थांबायला हवं. दोघांना उचलून उतरवता आलं पाहिजे. लोखंडाचा रेट रोज बदलतो, त्यामुळं रुपयांचा आकडा मी लिहीत नाही. किलोवरून तुम्हीच काढा.

उंची किती? इथं तुमच्या गाडीवर अवलंबून आहे, पण केबिनच्या टपापेक्षा फूटभरापेक्षा वर जाऊ नका असं मी सांगतो. ताशी ८० ला समोरची हवा चौरस मीटरला साधारण ३० किलोनं दाबते, ६० ला १७ किलोनं. साडेपाच फूट रुंद हूड टपाच्या वर एक फूट असला तर १५ किलोचा धक्का, तीन फूट असला तर ४५ च्या वर, आणि तो धक्का उंचावर बसतो म्हणून पायाला आणखी पिळतो. डिझेल जास्त जातं ते वेगळंच. गठ्ठे जास्त मावतील म्हणून उंच हूड मागणारे येतात. त्यांना मी गठ्ठ्यांचं वजन विचारतो. बहुतेक वेळा जागा संपायच्या आधी पासिंगचं, म्हणजे गाडीला मंजूर असलेलं, वजन संपलेलं असतं.

पाय बसवण्याची पद्धत हौद्याच्या बाजूंवर ठरते. बाजूचे फाळके पक्के असतील तर कडेवर चौकट ठेवून बोल्टनं आवळा. बाजूचे फाळके खाली पडणारे असतील तर त्यांच्या कडेवर काहीही बसवू नका, नाहीतर माल उतरवताना फाळका उघडणार नाही. तिथं हौद्याच्या खांबांना खोबण्या लावाव्या लागतात. सव्वा इंची पाइपाचे आठ इंची तुकडे कापा, ते जाड पट्टीवर वेल्ड करा, पट्टी हौद्याला १० मिलीमीटरच्या बोल्टनं, आतून रुंद पट्टीचा आधार देऊन बसवा. कमानीचा पाय त्यात उतरतो आणि आडवा बोल्ट घातला की सुटत नाही. पाय खडखडत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. खोबणीच्या तळाला पाणी निघायला भोक ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पाय तिथूनच कुजतो. पत्र्यात नुसते स्क्रू मारून भागवू नका. रिकाम्या गाडीत खालून हवा भरली की हूड वर उचलला जातो, आणि स्क्रू पत्र्याला फाडून निघतात. चॅसीला भोक तर अजिबात पाडायचं नाही.

गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, डिझेलच्या टाकीकडं ठिणगी जाणार नाही असं बघा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप वेल्ड करणार असाल तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढा आणि उघड्यावर बसा. तो पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते दोन जोड. पुढचा जोड आधी. पावसात गाडी चालते तेव्हा पाणी वरून खाली पडत नाही, समोरून आडवं येतं. त्यामुळं कापड कौलासारखं एकावर एक यायला हवं, आणि पुढचं नेहमी मागच्याच्या वर. केबिनमागचा पडदा वरून येऊन छपराच्या कापडावर हातभर चढला पाहिजे, आणि बाजूंनाही वीतभर वळून बाजूच्या पडद्यावर यायला हवा. बरेच जण उलट करतात: छपराचा कापड पुढं आणून पडद्यावर सोडतात. दिसायला नीट दिसतं, पण वाऱ्याला बरोबर तोंड मिळतं. एकदा हवा आत घुसली की कापड फुग्यासारखं वर येतं, फडफडतं, आणि रिंगा उपटते. कापड फाटतं ते बहुतेक या फडफडीनं, वजनानं नव्हे.

मागचा जोड त्याहून फसवा आहे. एक गिऱ्हाईक मागं पडदा न लावता गाडी घेऊन गेलं, कारण माल भरायला-उतरवायला सोपं. आठ दिवसांनी हजर: "अण्णा, वरून थेंबभर पाणी नाही, मग पांढरे टॉवेल काळे कसे होऊलालेत?" त्याला मी स्टँडवर उभी असलेली एसटी दाखवली. पुढची काच वायपरनं पुसली जाते हे खरं, पण बाजूच्या काचांपेक्षा मागची काच जास्त का माखते? कारण चालत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी पडतो आणि ती जागा भरायला चहूबाजूंची हवा आत वळते, येताना रस्त्याची धूळ आणि सायलेन्सरचा धूर घेऊन. मागून उघडा हूड म्हणजे त्या हवेला दिलेली खोली. पूर्ण उघड्या हौद्यात वरून येणारा वारा हे थोडंफार उडवून नेतो; छप्पर घातल्यावर ते आतच घुटमळतं.

म्हणून मागचा पडदा फाळक्याच्या आत सोडू नका. तो बाहेरून, फाळक्याच्या वरच्या कडेखाली किमान नऊ इंच उतरू द्या, आणि त्याच्या दोन्ही कडांवर बाजूचे पडदे चढवून पट्ट्यांनी आवळा. फाळका आणि हौद्याच्या तळातली फट बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत बोट जाईल एवढी असते. तिथं रबराची पट्टी लावा. तरीही धूळ येत असेल तर एक युक्ती आहे: पुढच्या पडद्यात वरच्या बाजूला वीतभर रुंद झडप ठेवायची, समोर तोंड करून. कोरड्या दिवशी ती उघडली की आत हवेचा दाब थोडा वाढतो आणि मागच्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. पावसाळ्यात बंद. एवढं करूनही पांढरा टॉवेल असेल तर गठ्ठ्याला प्लास्टिकचं वेष्टन लागेलच. हूड त्याची जागा घेत नाही.

ताडपत्री. निळी-पिवळी हलकी प्लास्टिक ताडपत्री शेतावर ढिगाऱ्याला ठीक, गाडीवर आपल्या उन्हात ती भुगा होते आणि तिचे धागे कांद्यात सापडतात. जुना सुती कॅनव्हास उन्हाला चांगला, पण भिजला की जड होतो आणि ओला घडी घातला की कुजतो. तुमच्यासाठी ५५० ते ६५० जीएसएमची पीव्हीसी. रंग फिकट घ्या, करडा किंवा पांढरट. काळा आणि गडद निळा दुपारी तव्यासारखा तापतो. शिलाई मात्र घरच्या मशीनवर करू नका, सुई मोडेल आणि मन मोडेल ते वेगळं. सोलापूरच्या पूर्व भागात ताडपत्री शिवणारे कारागीर आहेत, त्यांना माप द्या आणि तीन गोष्टी सांगा: जोड छपरावर नको, बाजूला घ्या; दोरा सुती नको, नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा; कडेला दुहेरी पट्टी दुमडून आत दोरी घाला आणि दर फुटाला पितळी रिंग बसवा. बांधायला नुसती दोरी वापरण्यापेक्षा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि हूक वापरा. रबर खेचून धरतं, कापडाला सैल पडू देत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण वगळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. उघड्या बॉडीची गाडी कायमची वेल्ड करून बंद बॉडी केली तर हा प्रश्न येतो. बोल्टवर बसणारी, काढता येणारी कमान आणि ताडपत्री हे त्यापेक्षा वेगळं, तरी पाइप कापायच्या आधी आरसी घेऊन आरटीओत विचारून या, शेवटचा शब्द त्यांचा. मागचा पडदा नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकणार नाही असा बेता, आणि मागं परावर्तक पट्टी लावा. माल हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांचा आहे. आणि हूड झाला की आषाढीला पंढरपूरला माणसं बसवून नेऊ या, असं घरात कुणीतरी म्हणणार. सावली झाली म्हणून मालाचा हौदा माणसांचा होत नाही.

सगळं बसल्यावर तपासणी अशी करा. टॉर्च घेऊन एकाला आत बसवा, पडदे आवळा, आणि दुसऱ्यानं नळी धरून पाणी मारायचं, पण वरून नाही. केबिनच्या टपावरून मागं, आडवं. आतला माणूस जिथून ओरडेल तिथं खडूनं खूण. मग रिकामी गाडी पुणे रोडला थोडी पळवून आणा आणि परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते सैल होतातच.

दिवसांचं म्हणाल तर मापं आणि कापणीला एक रविवार, वेल्डिंग आणि जुळवणीला दुसरा. त्यानंतरच्या आठवड्यात सांगाडा पूर्ण घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर रंग. ताडपत्री शिवायला टाका ती सांगाडा उभा राहिल्यावरच, त्याच्यावरून माप घेऊन. कागदावरच्या मापानं शिवलेली ताडपत्री चार बोटं कमी पडते असा माझा कायमचा अनुभव आहे. आणि ती चढवायची भर दुपारी. उन्हात पीव्हीसी सैल असते, तेव्हा ताणून बांधली की संध्याकाळी गार झाल्यावर आपोआप तट्ट बसते. सकाळच्या गारव्यात बांधाल तर दुपारी झोळ दिसेल. तुमच्या गाडीचे बाजूचे फाळके पडणारे आहेत की पक्के, आणि केबिनचा टप हौद्याच्या तळापासून किती उंच आहे, एवढं कळवा. कमानीच्या पायाचं माप मी काढून देतो.